कावळासुद्धा मोजायचा!

उपनगरातल्या कॉलेजांमध्ये बर्डिंगचं वेड जोरात आहे. फोटो सगळेच काढतात. पण त्या फोटोसोबत दोन ओळींची नोंद ठेवली, तर ती कुठवर पोहोचू शकते?

तुमच्या ग्रुपवर कुणी ‘लायफर मिळाला!’ असा मेसेज टाकला, तर समजून जा, त्याला बर्डिंगचा किडा चावलाय. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी म्हणजे लायफर. तो एकदा मिळाला की माणूस बदलतो. आठच्या लेक्चरला कधीही वेळेवर न पोहोचणारा मुलगा रविवारी पहाटे पाचला उठून पहिली लोकल पकडतो. बॅगेत डबा, पाण्याची बाटली आणि दादाकडून मागून आणलेला कॅमेरा. आई दारातूनच म्हणते, ‘एवढ्या पहाटे अभ्यासाला उठला असतास तर!’ आणि संध्याकाळी इन्स्टावर स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी झळकते.

या छंदाच्या बाबतीत आपण उपनगरवाले खरंच नशीबवान आहोत. एका बाजूला जवळजवळ १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, मध्ये पवई, विहार, तुळशी हे तीन तलाव, शिवाय आरे. बोरिवलीत धनेश दिसतो आणि तासाभराच्या प्रवासावर मुलुंड-भांडुपच्या खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. जंगलातले आणि खाडीतले पक्षी एकाच दिवसात, तेही लोकलच्या पासावर बघायला मिळणारी शहरं फार नाहीत.

पण फोटो काढून झाला, लाइक्स मोजून झाले, मग पुढे काय? त्या फोटोचं काही होतं का? होऊ शकतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

साष्टीची यादी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी गावं जुन्या साष्टी बेटावरची. या बेटावर आणि मुंबईत कोणते पक्षी दिसतात, याची नीट यादी पहिल्यांदा सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मिळून केली. ‘द बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड सालसेट’ या नावाने ती १९३६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे आपल्या बीएनएचएसच्या, जर्नलमध्ये भागाभागाने छापून आली आणि १९४१ मध्ये तिचं पुस्तक झालं. पहिला भाग आला तेव्हा १९१४ साली जन्मलेल्या अब्दुलअलींनी नुकतीच विशी ओलांडली होती. म्हणजे आज टीवायच्या परीक्षा देणाऱ्या कुणाच्याही वयाचा हा मुलगा.

सलीम अलींची गोष्ट तर प्रत्येक कॉलेजवाल्याने वाचावी अशी आहे. लहानपणी मुंबईत त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याशी पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी त्यांना १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला कपाटं उघडून पक्ष्यांचे भरलेले नमुने दाखवले आणि एका आयुष्याची दिशा ठरली. पण ती दिशा सरळ नव्हती. सलीम अलींनी कॉलेज अर्ध्यात सोडलं, घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले. परत आल्यावर दावर्स कॉलेजमध्ये कॉमर्स शिकता शिकता सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे धडे घेतले. रीतसर पदवी नसल्याने प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागातली नोकरी मात्र मिळाली नाही.

१९३० साली हातात नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते रोज तिथे बसले आणि बघत राहिले. त्यातून जे दिसलं ते तोवर कुणी नीट लिहिलेलं नव्हतं. सुगरण नर घरटं अर्धंच विणतो. मग माद्या येतात आणि अक्षरशः फ्लॅट बघायला आल्यासारखी तपासणी करतात. पसंत पडलं तर मादी राहते आणि नर घरटं पुरं करतो. ती अंड्यावर बसली की हे महाशय शेजारी दुसरं घरटं बांधायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! या शोधाला प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती एक वही आणि रोज त्याच झाडापाशी बसण्याची चिकाटी.

त्या काळात पक्ष्याची खात्रीशीर नोंद करायची तर बहुतेक वेळा तो मारून नमुना जपावा लागायचा. आज ते काम कॅमेरा करतो. पक्षी उडून जातो आणि पुरावा आपल्याकडे राहतो. हा बदल किती मोठा आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही.

फोटो बोलतो, पण अर्धंच

फोनच्या गॅलरीत पाचशे पक्षी आहेत. छान. आता त्यातला एक उघडा आणि सांगा, हा कुठे काढला? किती तारखेला? किती वाजता? तिथे असे किती होते? तो काय करत होता? बहुतेकांची इथे विकेट पडते. जागा आणि तारीख नसलेला फोटो हे नुसतं चित्र आहे. जागा, तारीख आणि संख्या लिहिली की तीच नोंद होते.

आणि यात एक मोठी मेख आहे. आपण फोटो कुणाचे टाकतो? जे सुंदर, जे दुर्मीळ, जे पोजमध्ये बसले त्यांचे. कावळा, कबूतर, साळुंखी, घार यांचे फोटो कोण टाकणार? म्हणजे उद्या कुणी नुसत्या इन्स्टावरून मुंबईच्या पक्ष्यांचा अभ्यास करायचा म्हटला, तर इथे खंड्या आणि धनेशच राहतात, कावळे नाहीतच, असा निष्कर्ष निघेल!

म्हणूनच ‘ई-बर्ड’सारख्या ॲपवर नोंद करताना एक प्रश्न विचारला जातो: तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेलं हे व्यासपीठ आज जगभरातले हौशी पक्षीनिरीक्षक वापरतात. ‘सगळे’ या शब्दात सगळी जादू आहे. यादी पूर्ण असेल, तर त्यात जे नाही त्यालाही अर्थ येतो. पंधरा मिनिटं उभे राहिलात, बारा कावळे, आठ कबुतरं, दोन दयाळ लिहिले आणि चिमणी लिहिली नाही, म्हणजे चिमणी दिसली नाही, असं अभ्यासकाला खात्रीने म्हणता येतं. तुम्ही फक्त दयाळाचा फोटो टाकलात तर त्याला काहीच कळत नाही. तेव्हा नियम एकच: कावळासुद्धा मोजायचा.

चिमणी खरंच गेली का?

‘चिमण्या संपल्या’ हे वाक्य प्रत्येकाच्या घरात ऐकू येतं. मोबाइल टॉवरमुळे गेल्या, हेही त्याला जोडूनच येतं. २०२० मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. भारतभरातल्या १५ हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी त्यासाठी वापरल्या होत्या. यातले बहुसंख्य तुमच्या-आमच्यासारखे हौशी. त्यांच्या नोंदींनी काय सांगितलं? देशभराचा विचार केला तर गेल्या पंचवीसेक वर्षांत चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. मोठ्या महानगरांमध्ये मात्र ती हळूहळू कमी होतेय. आणि टॉवरच्या लहरींमुळे चिमण्या गेल्या, याला पुरावा सापडला नाही.

म्हणजे आजीचं म्हणणं महानगरांपुरतं बरोबर आणि देशापुरतं चूक! हा फरक कुणा एका शास्त्रज्ञाला एकट्याने काढता आला नसता. तो हजारो लोकांनी आपापल्या गल्लीत केलेल्या मोजणीतून आला.

२०२३ चा अहवाल आणखी मोठा होता. ३० हजार पक्षीनिरीक्षक, तीन कोटींहून अधिक नोंदी, ९४२ जाती. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळाचा कल काढता आला, त्यातल्या २०४ जाती कमी झाल्यात. वाढलेल्या फक्त ३६. कुणाचं बरं चाललंय? कबुतराचं, कोकिळेचं, मोराचं. कबूतरखान्यांच्या वादात आपण सगळ्यांनीच व्हॉट्सॲपवर मतं मांडली. पण आपल्या स्टेशनबाहेर दोन वर्षांपूर्वी किती कबुतरं होती आणि आज किती आहेत, हे आकड्यात सांगू शकणारे किती निघतील?

घाटकोपरची ती रात्र

२० मे २०२४ ची रात्र. दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरच्या आकाशात रोहित पक्ष्यांच्या थव्याची धडक बसली. विमान सुखरूप उतरलं. पण पंतनगर, लक्ष्मीनगर भागात तीसहून जास्त रोहित मरून पडले. रहिवाशांनी कळवलं, वनविभागाचे लोक आणि प्राणीमित्र संस्थांचे स्वयंसेवक अंधारात ते गोळा करत फिरले. ज्या पक्ष्याचे गुलाबी फोटो आपण डीपीला लावतो, त्याच्या तुटलेल्या पंखांचे फोटो त्या रात्री फोनवर फिरत होते.

मग प्रश्न सुरू झाले. थवा त्या वेळी तिथून का चालला होता? त्याची नेहमीची वाट कोणती? पाणथळ जागांवरच्या बांधकामांनी ती वाट बदलली का? वाद बराच झाला. अशा वेळी भावना सगळ्यांकडे असतात, नोंदी थोड्यांकडेच.

रोहितांचा दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिथे खातात. लहान रोहित म्हणजे लेसर फ्लेमिंगो मुख्यतः पाण्यातलं सूक्ष्म नील-हरित शेवाळ गाळून खातो आणि अशा खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळेच त्याला तो गुलाबी रंग येतो. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की थवे नवी मुंबईतल्या पाणथळ जागांकडे सरकतात. म्हणजे खाडी वाचवली आणि या विसाव्याच्या जागा भरून टाकल्या, तर अर्धंच काम झालं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळही झाली. पण अभयारण्याची हद्द नकाशावर असते, रोहितांना ती ठाऊक नसते.

हे थवे कधी, कुठून, कुठे जातात, हे समजायला बीएनएचएसने काही रोहितांच्या अंगावर सॅटेलाइट टॅग बसवले. त्यातल्या एकाचं नाव ‘हुमायून’. तो गुजरातपर्यंत जाऊन परत ठाण्याच्या खाडीत आला. टॅग मोजक्याच पक्ष्यांना बसवता येतात. बाकीच्या हजारोंसाठी माणसांचे डोळे लागतात. मुलुंडला किंवा ऐरोलीला राहणारा एखादा विद्यार्थी गच्चीवरून रोज संध्याकाळी ‘किती वाजता, कुठल्या दिशेने, अंदाजे किती’ एवढं लिहीत राहिला, तर पुढच्या वेळी प्रश्न आल्यावर ती वही कामाची ठरेल.

हा शॉट नाही घ्यायचा

कॅमेऱ्याने बंदूक हटवली हे खरं. पण कॅमेराही त्रास देऊ शकतो.

पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या कोकणपट्टीत येतो. अंगठ्याएवढा वाटावा असा, निळा-नारिंगी-जांभळा रंगांचा गोळा. मातीच्या उभ्या कडेत बीळ करून तो पिल्लं वाढवतो. बिळाची जागा एकदा फुटली, की समोर ट्रायपॉडची रांग लागते. आईबाप चोचीत सरडा नाहीतर पाल घेऊन फांदीवर ताटकळतात, कारण बिळासमोर माणसं आहेत. आपल्याला ‘फीडिंग शॉट’ मिळतो, पिल्लांची एक खेप चुकते. दिवसभरात अशा किती खेपा चुकल्या, हे फोटोत दिसत नाही.

दुसरा प्रकार मोबाइलवर आवाज वाजवण्याचा. नराला वाटतं, हद्दीत प्रतिस्पर्धी आला. तो खाणं सोडून भांडायला येतो. आपल्याला वाटतं, वा, काय पोज दिली!

म्हणून चार गोष्टी पक्क्या करू या. घरट्याचे फोटो नाहीत. आवाज वाजवणं नाही. घुबडाचं नेमकं झाड पब्लिक पोस्टमध्ये सांगायचं नाही. आणि पक्ष्याने आपल्याकडे टक लावून बघत मान ताणली किंवा खाणं थांबवलं, की दोन पावलं मागे. आणखी एक, हल्लीच्या काळातलं: एडिटिंगमध्ये उजेड वाढवा, क्रॉप करा, हरकत नाही. पण एआयने फांदी गायब केली, शेपटी पूर्ण केली, तर तो फोटो पुरावा म्हणून बाद.

कॅमेरा नाहीये, मग?

मग उत्तम! सुरुवात कॅमेऱ्याशिवायच करावी. आधी डोळे, मग कान, मग दुर्बीण, शेवटी कॅमेरा. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण बरीच वर्षं पुरते आणि तीन मित्रांत एक चालते. आवाज ओळखायला ‘मर्लिन’ हे फुकटचं ॲप आहे, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. ॲपने नाव सुचवलं तरी पक्षी स्वतः शोधायचा, मगच लिहायचं.

कॅमेरा असेल तर इतकं लक्षात ठेवा. सूर्य आपल्या पाठीशी हवा. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० पुरतं, उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास न्या. पांढरा बगळा टिपताना एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसांचा नुसता चुना होतो. आभाळासमोर बसलेल्या पक्ष्याला उलट थोडं वाढवा. फोकस डोळ्यावर. आणि एक फोटो मुद्दाम लांबून काढा, ज्यात झाड, पाणी, मागची बिल्डिंग दिसेल. सुंदर नसेल, पण वीस वर्षांनी तोच सगळ्यात जास्त बोलेल.

वहीत सहा गोष्टी: तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या, काय करत होता. खाडीवर असाल तर सातवी गोष्ट, भरती की ओहोटी. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा. नावंही मराठीतून शिका, मजा येते. दयाळ, तांबट, शिंपी, कोतवाल, नाचण, हळद्या, शेकाट्या. नावातच निम्मी ओळख आहे. तांबट एकसुरात ठोकत बसतो, नाचण शेपटीचा पंखा करून नाचतो, शेकाट्याचे पाय काटक्यांसारखे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी तर बगळ्यांच्या वीण-वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द मराठीला दिले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो.

कॉलेजसाठी आणखी एक संधी म्हणजे फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’चे चार दिवस. त्यातच ‘कॅम्पस बर्ड काउंट’ होतो. आपल्या कॉलेजच्या आवारात किमान पंधरा मिनिटं थांबून पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्डवर टाकायची. एनएसएसचं युनिट, नेचर क्लब, नाहीतर कट्ट्यावरचे चौघे, कुणीही करू शकतं. दरवर्षी नवी बॅच येते, जुनी जाते. यादी मात्र तीच पुढे चालू ठेवता येते.

कुठे जाल?

बोरिवली: राष्ट्रीय उद्यान. सोमवारी बंद. सकाळी लवकर पोहोचा. धनेश, स्वर्गीय नर्तक, सुतार, पावसाळ्यात नवरंग.

अंधेरी: वर्सोव्याचा किनारा हिवाळ्यात कुरव पक्ष्यांसाठी, लोखंडवाला तळं बगळे आणि पाणपक्ष्यांसाठी.

गोरेगाव: आरेचे रस्ते. फिल्मसिटीजवळचं बीएनएचएसचं निसर्ग शिक्षण केंद्र.

पवई: तलावाचा काठ. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई. पाण्याजवळ जाऊ नका, मगरी आहेत.

मुलुंड-भांडुप: भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर आणि पूल ओलांडून ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. रोहितांसाठी हिवाळ्याचा उत्तरार्ध ते मे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा.

घाटकोपर-विक्रोळी: खाडीकडच्या बाजूची कांदळवनं. परवानगीशिवाय आत शिरू नका, कडेवरूनही खूप दिसतं.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर आपली खिडकी. मेअखेर ते जूनमध्ये दमलेला नवरंग बाल्कनीत येऊन पडल्याच्या बातम्या उपनगरांतून येतातच. असा पक्षी सापडला तर पाणी तोंडात ओतू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात, भोकं पाडून, अंधारात ठेवा आणि वनविभागाला किंवा प्राणीमित्र संस्थेला कळवा. हो, तारीख लिहायला विसरू नका.

सलीम अली आणि अब्दुलअलींची यादी आज हाती आहे, म्हणून तेव्हाच्या साष्टीत काय उडत होतं ते आपल्याला सांगता येतं. आणखी ऐंशी वर्षांनी कुणीतरी २०२० च्या दशकातल्या मुलुंडबद्दल, अंधेरीबद्दल हाच प्रश्न विचारेल. तेव्हा मेट्रो कुठवर गेली, टॉवर किती मजल्यांचे झाले, हे कागदपत्रांत सापडेल. कॉलेजच्या गेटसमोरच्या पिंपळावर संध्याकाळी किती साळुंख्या कलकलाट करायच्या, हे मात्र तुम्ही लिहिलंत तरच सापडेल. या रविवारी पंधरा मिनिटं काढा. जे दिसेल ते सगळं लिहा. आणि हो, कावळ्यापासून सुरुवात करा!